मदत हवी आहे: निनावी वाईट रिव्ह्यूंमुळे रँक लिस्ट बदलावी का?

अमेरिकेत इंटर्नल मेडिसिन रेसिडेन्सीचे (डॉक्टरांचं पदव्युत्तर प्रशिक्षण) इंटरव्ह्यू संपले. आता एनआरएमपीची (उमेदवार आणि प्रोग्रॅम यांची जुळणी, म्हणजे ‘मॅच’, करणारी संस्था) रँक लिस्ट, म्हणजे प्रोग्रॅमची पसंतीक्रमाने यादी, सर्टिफाय करायची आहे आणि मी एकाच जागी अडकलोय. ज्या प्रोग्रॅमला पहिला नंबर द्यायचं पक्कं होतं, त्याच्याबद्दल तीन निनावी रिव्ह्यू वाचले. आठवड्याला ८० तासांची मर्यादा कागदावरच, तास कमी लिहायला लावतात, दोन रेसिडेंट मधेच सोडून गेले. झोपच उडाली.

इंटरव्ह्यूच्या दिवशी तर रेसिडेंट मोकळेपणाने बोलले होते. (अर्थात, उमेदवारासमोर घरचं कोण काढतं?) एसीजीएमईच्या (रेसिडेन्सी प्रोग्रॅमना मान्यता देणारी संस्था) साइटवर मान्यता पाहिली, इशारा वगैरे काही नाही. रेसिडेंटचा बोर्ड परीक्षेतला पास रेटही ठीक. पण तास लपवायची सवय या दोन्हींत दिसणार कशी?

तिन्ही रिव्ह्यूंची भाषा सारखी वाटते; एकाच चिडलेल्या माणसाचे असतील. जेवण वाईट, पार्किंग लांब, हे मी सोडून दिलं. ‘सोडून गेले’ हे मात्र पडताळता येण्यासारखं आहे.

दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला थेट ईमेल केला तर चालेल का? नेमकं काय विचारू? गेल्या ३ वर्षांत किती जण गेले आणि कुणी आजारी पडलं तर त्याचं काम कोण करतं, एवढंच सुचतंय. मॅचचा निकाल बंधनकारक, त्यात व्हिसावर मधेच प्रोग्रॅम बदलणं सोपं नाही, म्हणून जीव खालीवर होतोय.

असे रिव्ह्यू वाचूनही तिथेच गेलेलं कुणी आहे का? काय खरं निघालं?