शब्दचर्चा: स्पॅनिशचं ‘-रीआ’ आणि आपलं ‘असतं’

प्रश्न: ‘पैसे असते तर घर घेतलं असतं’ हे मी स्पॅनिशमध्ये ‘सी तेंद्रीआ दिनेरो, कोंप्रारीआ उना कासा’ असं लिहिलं. बाईंनी ‘कोंप्रारीआ’ बरोबर दिलं आणि ‘तेंद्रीआ’ खोडलं. मराठीत दोन्हीकडे ‘असतं’ आहे, मग तिथे एकाच जागी का?

उत्तर: घोळ त्या दोन ‘असतं’मुळेच झालाय. स्पॅनिशमध्ये ‘-रीआ’ लागतं ते ‘तर’नंतरच्या भागाला. ‘जर’च्या भागात वेगळं रूप येतं: ‘सी तुब्येरा दिनेरो’. मनाला लावून घेऊ नका, स्पेनमध्ये बुर्गोसकडे आणि बास्क प्रांतात जन्मापासून स्पॅनिश बोलणारेही ‘सी तेंद्रीआ’ म्हणतात. व्याकरणवाले तिथेही खोडतातच.

रूप करणं मात्र अगदी सोपं. बहुतेक ठिकाणी मूळ क्रियापदातलं काहीही न काढता ‘-ईआ’ हे शेपूट जोडायचं (‘र’ मूळ क्रियापदातलाच); ‘तेनेर’चं ‘तेंद्रीआ’ होतं तसे मोजके अपवाद आहेत. आब्लार (बोलणे): आब्लारीआ, आब्लारीआस, आब्लारीआ, आब्लारीआमोस, आब्लारीआइस, आब्लारीआन. कोमेर, बिबीर यांनाही हीच शेपटं. ‘मी’ आणि ‘तो/ती’ची रूपं सारखीच, आणि मराठीसारखं बोललो असतो-बोलले असते हे लिंगाचं झंझट नाही. आघात सहाही रूपांत ‘री’वरच. फक्त ‘र’ गिळू नका: कोमेरीआ म्हणजे ‘खाल्लं असतं’, कोमीआ म्हणजे ‘खायचा’. हे शेपूट मुळात ‘आबेर’ या क्रियापदाच्या ‘आबीआ’ या भूतकाळी रूपाचं. आंद्रेस बेयोने 1847च्या व्याकरणात या काळाला ‘पोस्प्रेतेरितो’ म्हटलं, म्हणजे भूतकाळानंतरचा काळ. मला ‘संकेतार्थ’पेक्षा हे नाव जास्त पटतं, कारण ‘दीखो के येगारीआ’मध्ये जर-तर कुठेच नाही. आपण तिथे सरळ ‘येईन म्हणाला’ म्हणतो.

प्रश्न: आणि ‘मे गुस्तारीआ उन काफे’? तिथेही ‘आवडली असती’?

उत्तर: छे! वेटर विचारेल, मग का नाही घेतली? ‘एक कॉफी मिळेल का?’ हेच त्याचं मराठी.

दुसरं उत्तर: अजून एक. ‘सेरीआन लास द्येस’ म्हणजे ‘तेव्हा दहा वाजले असतील’. आत्ताचा अंदाज असेल तर ‘सेरान लास द्येस’. मराठीत दोन्हीकडे ‘वाजले असतील’च, वेळ ‘आत्ता’ आणि ‘तेव्हा’वरून कळते.