स्प्लॅश माउंटन पुसून टाकायला हवी होती का?

जुना_ओंडका

फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडम या डिस्ने पार्कमधली पाण्यातली राईड स्प्लॅश माउंटन जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली, कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधली मे अखेरीस. २०२४ मध्ये दोन्हीकडे ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’ आली. ओंडक्याच्या होड्या त्याच, शेवटची पन्नासेक फुटांची उडीही तीच, आतली गोष्ट मात्र गायब.

कारण दिलं जातं राईड ज्यावर बेतली होती त्या १९४६ च्या ‘साँग ऑफ द साउथ’ या डिस्ने चित्रपटाचं. मळ्यावरच्या कृष्णवर्णीयांचं आयुष्य त्यात गोडगुलाबी करून दाखवलंय, हे मान्य. पण राईडमध्ये चित्रपटातला गोष्टी सांगणारा कृष्णवर्णीय म्हातारा, अंकल रेमस, नव्हताच. सशाला अडकवणाऱ्या डांबराच्या बाहुलीऐवजी मधाचं पोळं होतं. उरले होते ससा, कोल्हा आणि अस्वल. अन् सशाच्या या गोष्टी मुळात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या! गोऱ्या लेखकाने त्या फक्त लिहून काढल्या. मग पुसलं कोणाला?

चौकस

साफ असहमत. स्प्लॅश माउंटन तरी कुठे कोऱ्या जागेवर आली? डिस्नेलँडमध्ये १९७४ पासून ‘अमेरिका सिंग्ज’ नावाचा गाण्यांचा खेळ होता. तो १९८८ मध्ये बंद केला आणि त्यातले गाणारे यांत्रिक प्राणी उचलून १९८९ च्या स्प्लॅशमध्ये बसवले. तुम्ही ज्यांच्यासाठी हळहळताय त्यातले बरेचसे आधीच दुसऱ्या नोकरीवर आलेले होते.

जुना_ओंडका

हे तर माझ्याच बाजूचं झालं. तेव्हा निदान प्राण्यांना काम मिळालं! ‘अमेरिका सिंग्ज’च्या आधी त्याच फिरत्या नाट्यगृहात ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ होतं. ते १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातून आलं, पुढे फ्लोरिडाला हलवलं. मोडलं नाही.

दुपारची_झोप

राईडमध्ये रेमस नव्हता हा बचाव मला लंगडा वाटतो. त्या चित्रपटाचा पहिला खेळ अटलांटात झाला, तेव्हा रेमसचं काम करणाऱ्या जेम्स बॅस्केटला वर्णभेदामुळे तिथे जाता आलं नाही. नंतर त्याला मानद ऑस्कर दिलं, ते वेगळं. कंपनी स्वतःच हा चित्रपट अमेरिकेत घरी बघायला कधी उपलब्ध करून देत नाही, आणि त्याच्या गाण्यावर मात्र तीस वर्षं तिकिटं विकते. हे चाललं कसं, याचं नवल करा.

चौकस

+१. आणि त्या जागी डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या टियाना आली तर बिघडलं काय?

पाणचक्की

राजकन्येबद्दल तक्रार नाही. तक्रार गोष्टीबद्दल आहे. जुन्या राईडमध्ये कोल्हा सशाला पकडतो, ससा ‘काटेरी झुडपात तेवढा टाकू नकोस’ म्हणून विनवतो, कोल्हा नेमका तिथेच फेकतो, आणि तो क्षण म्हणजे तुमची उडी. पोटात गोळा येण्याला कारण होतं. टियाना मार्डी ग्रास या उत्सवाच्या मेजवानीसाठी वादक शोधतेय. खलनायक नाही, धोका नाही. मग डोंगरावरून खाली पडायचं कशासाठी? नवे पुतळे अप्रतिम हलतात, हे मात्र मान्य करायलाच हवं.

हिरवा_बेडूक

जुन्याचा मान ठेवून बदल करता येतो. १९९८ मध्ये मॅजिक किंगडमची ‘मिस्टर टोड्स वाइल्ड राईड’ बंद होणार म्हटल्यावर चाहते हिरवे टी-शर्ट घालून निषेधाला गेले. काही उपयोग झाला नाही. १९९९ मध्ये तिथे विनी द पूह या अस्वलाची राईड आली. पण आत एका चित्रात टोड, म्हणजे जुन्या राईडमधला बेडूक, पूहच्या गोष्टीतल्या घुबडाला जागेची कागदपत्रं देताना दाखवलाय. मला हे फारच आवडतं.

दुपारची_झोप

म्हणजे सातबारा रीतसर नावावर केला! गंमत छान आहे, पण सशाच्या बाबतीत अशी गंमत शोभली असती का?

जुना_ओंडका

नसती, कबूल. तरी टोकियोत स्प्लॅश माउंटन आजही चालू आहे. आणि वर्णभेदाचा मुद्दा सोडू या, कारण बाकीच्या ठिकाणी तो नाहीच. फ्लोरिडाच्याच एपकॉट या डिस्ने पार्कमधली नॉर्वेची ‘मेलस्ट्रॉम’ ही राईड २०१४ मध्ये बंद करून ‘फ्रोझन’ आणली, तेव्हा तिच्यातल्या व्हायकिंगांवर कोणाचा आक्षेप होता? मॅजिक किंगडममधली ‘रिव्हर्स ऑफ अमेरिका’ ही नदी १९७१ पासूनची. जुलै २०२५ मध्ये टॉम सॉयर बेट आणि वाफेच्या बोटीसकट बंद, ‘कार्स’ चित्रपटावरच्या नव्या भागासाठी. नदीने कोणाचा अपमान केला होता?

चौकस

नदीच्या बाबतीत तुमच्याशी सहमत. टियानाच्या बाबतीत नाही. दोन्ही एकाच तागडीत घालू नका, एवढंच म्हणतेय.