नर्मदा परिक्रमा: मुक्काम आधी ठरवावेत का?

ओंकारेश्वरहून पायी निघताना रोजचे मुक्काम आधीच ठरवावेत का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, अजिबात नको. आश्रम, धर्मशाळा, नाहीतर गावातल्या देवळाची ओसरी. पाठ टेकायला जागा मिळते. काही ठिकाणी तयार जेवणाऐवजी सदाव्रत, म्हणजे कोरडा शिधा देतात. डाळ-तांदूळ शिजवायला छोटं पातेलं हवंच.

वेळ राखून ठेवायचा तो विमलेश्वरला, म्हणजे नर्मदेच्या मुखाजवळच्या दक्षिण काठावरच्या गावात. तिथून खाडी ओलांडून समोरच्या उत्तर काठावरच्या मिठीतलाईला जाणारी नाव भरती बघून सुटते, अगदी अपरात्रीसुद्धा. दोन दिवस हाताशी ठेवा.

आणि ओझं कमी करा हो! शूलपाणीच्या झाडीतल्या, म्हणजे वाटेतल्या डोंगराळ जंगलातल्या चढावर एक जादा चादरसुद्धा खांद्याला रुतते.