नवीन फोनला हेडफोनचं भोकच नाय, आता एफएम कसा ऐकायचा?

खाजावाला: बाबांना मालवणातून नवीन फोन घेतला, घरी येऊन बघतो तर खाली फक्त टाइप-सी. ते कलमांना पाणी घालताना कानात वायर खुपसून एफएम ऐकतात, ब्लूटूथचं चार्जिंग बिर्जिंग त्यांना झेपणार नाय. ८० रुपयांचं कन्व्हर्टर आणलं तर आवाजच येईना. काय करू?

सुरमई_फ्राय: त्या स्वस्तातल्यात नुसती वायर असते रे, फोन स्वतः टाइप-सीतून ॲनालॉग आवाज सोडत असेल तरच चालते, नायतर डीएसी चिपवालं (फोनच्या डिजिटल आवाजाचा ॲनालॉग करणारी चिप) घ्यावं लागतं.

बोगदा_एक्स्प्रेस: थांब, घेऊ नको अजून! एफएमला हेडफोनची वायरच अँटेना असते आणि डीएसीवाल्यातून ती सहसा मिळत नाय. आधी फोनात एफएम आहे का ते तरी बघ.

खारा_वारा: आयफोन ७ ने २०१६ ला ३.५ एमएमचं भोक काढलं तेव्हा हसलेलो. पण खरं सांगू, माझ्या जुन्या फोनच्या भोकात खाऱ्या हवेने हिरवट चढलेलं, पिन गोल गोल फिरवली की एकाच कानात गाणं.

खाजावाला: बघितलं, एफएमच नाय फोनात 😭 बाबा म्हणतायत, माझो खिशातलो रेडिओ खंय ठेवलंस?