पोटगी कापायचं काम मालकाचं नाही? अंबडच्या पोस्टला उत्तर

पगारबिल
काल नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखानदारांनी इथे लिहिलं: "पोरं त्यांची, भांडण त्यांचं, आणि पोटगी कापायची मी? कोर्टाचं पत्र आलं होतं, पूर्ण पगार देऊन टाकला, विषय संपला." खाली अंगठेच अंगठे. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहिते.

विषय संपलेला नाही साहेब. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ मधला नियम ४८-अ खासगी मालकालाही लागू आहे. पगारजप्तीचा, म्हणजे पगारातून कापून कोर्टात भरायचा, आदेश बजावला गेला की तो तुमच्यावर बंधनकारक. तो डावलून कामगाराला जे दिलं, त्याला तुम्ही जबाबदार. म्हणजे तेच पैसे दोनदा भराल. कौटुंबिक हिंसाचाराचं प्रकरण असेल तर २००५ च्या कायद्याच्या कलम २०(६) खाली दंडाधिकारी थेट मालकालाच सांगू शकतात, की पगाराचा भाग बाईला द्या किंवा कोर्टात भरा.

मी सातपूरला पगाराचं काम बघते. आदेश आला की आवक नोंदवायची, पोच द्यायची. रक्कम किती, कोणत्या महिन्यापासून, पैसे कोर्टात भरायचे की तिच्या खात्यात, हे नीट वाचायचं. कामगाराला एकट्याला बोलावून प्रत दाखवायची, मशीनपाशी चारचौघांत नाही. पगारचिठ्ठीवर वजावटीची वेगळी ओळ. आयकर मात्र पूर्ण पगार धरूनच कापायचा, पोटगी गेली म्हणून करपात्र उत्पन्न कमी होत नाही. पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर दर महिन्याला कापताच ना? मग लेकरांचंच तेवढं जड का होतं?

अंबडकर
पीएफ-ईएसआयला सल्लागार आहे, त्याला पैसे मोजतो. माझ्याकडे वीस-बावीस माणसं, दोन सीएनसी मशीनं, बाकी जॉबवर्क. पत्र इंग्रजीत, आणि रक्कम दोन ठिकाणी वेगवेगळी. जास्त कापलं तर कामगार उपायुक्तांकडे तक्रार, नाही कापलं तर कोर्ट. मोठ्या कंपनीत बसून शिकवणं सोपं आहे ताई. तो माझा हुशार ऑपरेटर आहे. पगार कापला की दुसऱ्या दिवशी मुसळगावच्या कारखान्यात जाऊन लागेल. माझी डिलिव्हरी कोण देणार?

कोर्टकचेरी
रक्कम जुळत नसेल तर कोर्टात अर्ज देऊन खुलासा मागायचा. आपल्या मनानं काहीच न कापणं हे उत्तर नव्हे.

मर्यादेचंही सांगते. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या वसुलीच्या निकालात, पगारातले पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश जप्तीतून सुटतात. पोटगीच्या हुकूमनाम्यात त्याच दिवाणी संहितेचं कलम ६० फक्त एक-तृतीयांश सोडतं. दुसरीकडे पगाराच्या नव्या कायद्यात, म्हणजे वेतन संहितेत, एकूण वजावट ५० टक्क्यांवर नको असं आहे. आदेशातला आकडा निम्म्यापुढे जात असेल तर तेही लेखी कोर्टापुढे ठेवा. थकबाकीचा आकडा बघून दचकू नका. रजनेश विरुद्ध नेहा या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालापासून पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात.

सिन्नरकर
दचकू नका म्हणे! केस चार-चार वर्षं रेंगाळवायची आणि मग मागची सगळी थकबाकी एकदम अंगावर. मी दर महिन्याला भरतो. मुलाच्या भेटीचा आदेश आहे, पण भेटीच्या दिवशी तो नेमका आजारी असतो. पैसे थकले तर थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. भेट दिली नाही तर काय? पुढची तारीख. आणि कंपनीत पत्र आल्यापासून माझी बढती अडली ती अडलीच. त्यावर बोला कुणीतरी.

पंचवटीची आई
भाऊ, मुलगा भेटत नाही हे वाईटच आहे. पण शाळेची फी तुमच्या भेटीसाठी थांबत नाही.

आमच्याकडे काय झालं ऐका. केस घातल्यावर नवऱ्यानं कामगारांच्या पतसोसायटीचं मोठं कर्ज उचललं आणि हातात काही उरत नाही म्हणून कोर्टात पगारचिठ्ठी दाखवली. तरी आदेश झाला. मग मालकानं त्याचं नाव कंपनीच्या हजेरीपटावरून काढून ठेकेदाराकडे टाकलं. मशीन तेच, शिफ्ट तीच, अर्धा पगार रोखीत. कोर्टाचा बेलिफ गेला तर "हा माणूस आमच्याकडे नाही". मी दोन घरची पोळ्यांची कामं धरली. हुशार ऑपरेटर जाईल म्हणून घाबरणारे मालक बघितले की मला तेच आठवतं.

संचालक
आमच्या सोसायटीला यात ओढू नका. महाराष्ट्राच्या सहकार कायद्याचं कलम ४९ आहे. सभासद लिहून देतो, मालक कापून पाठवतो. हप्ता बुडाला तर जामीनदाराच्या पगाराला हात लागतो. त्याचीही मुलं आहेत, त्यानं काय पाप केलं?

पगारबिल
इथेच माझं डोकं फिरतं. १९३६ च्या वेतन कायद्यात एरवी ५० टक्क्यांची मर्यादा, पण सोसायटीची वजावट असली की ७५ पर्यंत मुभा होती. सोसायटीसाठी दार मोठं केलं, पोटगीसाठी नाही. नव्या संहितेनं सरसकट ५० केलं ते बरंच झालं. आणि आपणहून काढलेल्या कर्जाचे हप्ते पोटगी ठरवताना कोर्टं सहसा वजा धरत नाहीत.

संचालक
कोर्टं धरत नसतील, पण कर्ज खरंच असतं ना? आईचं ऑपरेशन, बहिणीचं लग्न, गारपिटीत गेलेली भावाची द्राक्षबाग. सगळेच नवरे लबाड असतात का?

कोर्टकचेरी
नसतात. पण केस दाखल झाल्यावर उचललेलं कर्ज आणि त्याआधीचं कर्ज यात फरक आहे की नाही? पोटगीचा आदेश आहे का, एवढा रकाना तरी तुमच्या अर्जात ठेवा.

संचालक
ठेवता येईल. कमिटीपुढे मांडतो. पण त्या रकान्यामुळे कर्ज नाकारलं आणि माणूस खासगी सावकाराकडे गेला, तर तेव्हा तुम्ही जामीन राहणार का?

पंचवटीची आई
आणि माझ्या पोरांना कोण जामीन आहे? तुमच्या हप्त्याला दोन माणसं सही करतात.

अंबडकर
माझ्या पत्रावरून सुरू झालं आणि इथे सोसायटीची वार्षिक सभा भरली.

सिन्नरकर
एक मात्र मानतो, मनाविरुद्ध का होईना. पगारातून कापलेलं बरं. मी सुरुवातीला रोख देत होतो, नंतर कोर्टात "मिळालेच नाहीत" ऐकलं. चिठ्ठीवर ओळ असती तर माझी दोन वर्षं वाचली असती. भेटीचं मात्र माझं म्हणणं सोडलेलं नाही.

अंबडकर
ठीक आहे, कापतो. मला पटलंय म्हणून नाही, दोनदा भरायची ऐपत नाही म्हणून. देऊन टाकलेल्या पगाराचं काय करू?

कोर्टकचेरी
वकील घेऊन कोर्टात जा. पत्र कधी मिळालं, पगार कधी दिला, किती दिला, सगळं खरं लिहून द्या. ते विचारेपर्यंत थांबू नका.

अंबडकर
आणि तो सोडून गेला तर?

पगारबिल
तर शेवटची तारीख आणि अखेरच्या हिशेबातून किती कापलं, हे कोर्टाला कळवा. ग्रॅच्युइटीला कोर्टाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

पंचवटीची आई
कुठे लागला ते माहीत असेल तर तेही लिहा. आणि त्याला ठेकेदाराच्या पटावर टाकू नका.

अंबडकर
टाकणार नाही. पण त्याच्या जागी माणूस मिळेपर्यंत मशीन बंद राहील, त्याचा हिशेब तुमच्यापैकी कुणीच मांडला नाही.