गाडी खाली करताना माल अंगावर पडला, भरपाई कोणाकडे मागायची?

नमस्कार मंडळी,

माझा मेहुणा भिवंडीच्या एका गोदामात ठेकेदारामार्फत गाड्या खाली करतो. ऑगस्ट 2024 मध्ये मोरबीहून टाइल्सची गाडी आली होती. वाटेत माल सरकलेला होता, फाळका उघडताच थप्पी त्याच्यावर कोसळली. नडगीचं हाड मोडलं, रॉड टाकलाय, अजून कुबडीवर आहे.

ठेकेदार म्हणतो, माल नीट बांधला नव्हता, गाडीमालकाला धरा. गाडीमालक म्हणतो, गाडी उभी होती, आमचा काय संबंध? गोदामवाले तर 'हा आमच्या हजेरीवरच नाही' म्हणून मोकळे. माथाडी मंडळात (हमाल कामगारांच्या मंडळात) नोंद नाही, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापत नव्हते, रोजची मजुरी हातात मिळायची. मुकादमाच्या वहीत त्या दिवशीची हजेरी आहे, तिचा फोटो काढून ठेवलाय. इस्पितळात एमएलसी (पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद) झालीय.

ठेकेदार आता वीस हजार देतो म्हणतोय, पण 'माझी काही तक्रार नाही' असं स्टँपपेपरवर लिहून हवंय. घरात पैशाची ओढाताण आहे, ताई सही करायच्या बेतात आहे. काय करावं?

प्रतिसाद

सही नको! अपघाताच्या वेळी लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या (नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) कलम 17 प्रमाणे हक्क सोडल्याचा असा कागद टिकत नाही, पण पुढे डोकेदुखी नक्की होते. कलम 12 वाचा. काम गोदामाच्या धंद्याचंच असेल तर ठेकेदाराच्या माणसाची भरपाईही मूळ मालकाकडे, म्हणजे गोदामवाल्याकडे, मागता येते. मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. दावा 2 वर्षांत करायचा. इथे चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही आणि दवाखान्याचा खराखुरा खर्चही मागता येतो, बिलं जपा.

मात्र त्या जागेला ईएसआय लागू आहे का ते आधी बघा. असेल तर हा दावा चालत नाही, तिकडेच जावं लागेल.

उभ्या गाडीतून माल उतरवणं हाही गाडीचा वापर धरला जाऊ शकतो, म्हणजे मोटार अपघात न्यायाधिकरणाचा रस्ताही आहे. पण तिथे पूर्ण भरपाईसाठी निष्काळजीपणा दाखवावा लागतो, मुदत 6 महिन्यांची, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 167 मुळे दोन्हीपैकी एकच निवडता येतं. मी असतो तर 1923 चाच कायदा धरला असता.

धागाकर्ता

आभार! ताईला सही थांबवायला सांगितलं. मुकादम साक्षीला येईल का शंका आहे, त्याचं पोट ठेकेदारावरच. गाडीचा नंबर आणि बिल्टी (माल वाहतुकीची पावती) कुठून मिळवता येईल? ठाण्यात अशी प्रकरणं चालवणारे वकील कोणाला माहीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.