मदत हवी आहे: चेक इंजिनचा दिवा येतो-जातो, दर वेळी कोड वेगळा

तांबडा_दिवा
दोन आठवडे झाले, दिवा मध्येच पेटतो आणि दोन-तीन दिवसांनी आपोआप जातो. पहिल्यांदा पी०३३५ आला म्हणून क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्टचं फिरणं टिपणारा) नवा टाकला. मग पी०१०२, म्हणजे एमएएफ (इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर). काल पी०३०१ आणि पी०३०४, म्हणजे १ आणि ४ नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर (पेट्रोल नीट न पेटणं). कोड पुसले की गाडी छान पळते. आता एमएएफ घेऊ की प्लगना ठिणगी देणारी कॉइल? रविवारी गाडी बाहेर काढायची आहे, कृपया लवकर सांगा.

मीटर_आधी
तूर्त काही घेऊ नका. गाडी कोणती, कुठल्या सालची? दिवा स्थिर असतो की लुकलुकतो? लुकलुकत असेल तर लगेच रेस सोडा, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन पेटतं आणि तो कायमचा जातो. फ्रीझ फ्रेममध्ये (कोड आला त्या क्षणाच्या नोंदीत) आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान काय होतं?

तांबडा_दिवा
गाडी प्रोफाइलमध्ये लिहिली आहे. दिवा स्थिर. फ्रीझ फ्रेम बघितली नाही, कोड पुसून टाकले.

मीटर_आधी
कोड पुसले की फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे हातातला पुरावाच गेला. पुढच्या वेळी आधी फोटो काढा, पेंडिंग (अजून पक्के न झालेले) कोडही टिपा. दिवा आपोआप गेला म्हणजे दोष गेला असं नाही. सलग तीन फेऱ्यांत चूक दिसली नाही की ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) दिवा विझवतो, कोड आत राहतोच.

कॉइल_नंबर_दोन
प्रोफाइल पाहिलं. २००० सालची, १.८ लिटर, वेस्टेड स्पार्क (एक कॉइल दोन सिलिंडरना एकदम ठिणगी देते). १ आणि ४ नंबरचे सिलिंडर एकाच कॉइलवर असतात. कॉइल गेली आहे. प्लग वायरींसकट बदला, विषय संपला.

मीटर_आधी
मिसफायरचं मान्य. पण कॉइल गेली म्हणून पी०१०२ कसा येईल? तो एमएएफच्या सिग्नलचा कोड आहे. तीन वेगळ्या सर्किटांचे कोड आलटून पालटून येतात तेव्हा तिघांत सामाईक काय आहे ते आधी शोधायचं. बहुतेक वेळा सप्लाय किंवा अर्थ (करंट परत नेणारी ऋण बाजूची जोडणी).

जाड_तेल
एवढ्या जुन्या इंजिनात २०डब्ल्यू-५० हे जाड तेल घाला. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाजही बसतो.

पाना_दहा
@जाड_तेल, आवाजाबद्दल त्यांनी विचारलेलंच नाही. आणि हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) टॅपेट असतील तर जाड तेल थंडीत उशिरा पोचतं, टकटक उलट वाढते. धागाकर्त्यांना: जुना क्रँक सेन्सर तपासून बदलला की कोड बघून? दोन पिनचा असेल तर हेअर ड्रायरने तापवत ओहम मोजा. आतली तार तुटलेली असेल तर गरम झाल्यावर वाचन एकदम अनंत होतं. तीन पिनचा हॉल सेन्सर (आत इलेक्ट्रॉनिक्स असलेला) ओहमने तपासता येत नाही. नवा बसवताना समोरच्या चाकाच्या दातांपासूनचा गॅप मोजलात का?

तांबडा_दिवा
कोड बघून बदलला. गॅप मॅन्युअलप्रमाणे आहे. आता आठवलं, दिवा बहुतेक रात्रीच येतो, हेडलाइट आणि ब्लोअर चालू असताना, सिग्नलला रेडिएटरचा फॅन सुरू झाला की. मागच्या महिन्यात क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवला होता. त्याचा काही संबंध?

मीटर_आधी
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! संबंध थेट आहे. इंजिन चालू असताना सगळा करंट अल्टरनेटरकडे परत जातो, आणि अल्टरनेटरची अर्थ म्हणजे इंजिनाचा ब्लॉक. हेडलाइट, ब्लोअर, फॅन यांचा करंट बॉडीतून ब्लॉककडे एका पट्टीवरून (तारांच्या चपट्या वेणीवरून) जातो. गिअरबॉक्स काढताना तीच सोडतात. ती कमजोर असेल तर ब्लॉक आणि बॉडीत व्होल्टचा फरक पडतो. ईसीयूची अर्थ ब्लॉकवर आणि एखाद्या सेन्सरची बॉडीवर असेल तर तो फरक सरळ सिग्नलमध्ये मिसळतो.

मीटर डीसी २ व्होल्टवर ठेवा. गाडी २००० आरपीएमवर, हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं चालू. एक टोक अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर, दुसरं बॅटरीच्या ऋण खांबावर. क्लॅम्पवर नको, खुद्द खांबावर. ०.२ व्होल्टच्या आत यायला हवं.

तांबडा_दिवा
बॅटरी डिकीत आहे. मीटरच्या वायरी पोचत नाहीत.

मीटर_आधी
कुठलीही बारीक वायर जोडून लांबवा. मीटरमधून करंट जवळजवळ वाहत नाही, त्यामुळे वाचन बदलत नाही. मग मोजणीचे दोन तुकडे करा: ब्लॉक ते बॉडी, बॉडी ते बॅटरी.

कॉइल_नंबर_दोन
एवढ्या वेळात कॉइल बदलून झाली असती.

पाना_दहा
आणि पी०१०२ तसाच राहिला असता.

तांबडा_दिवा
मोजलं. एकूण ०.७८. ब्लॉक ते बॉडी ०.७१, बॉडी ते बॅटरी ०.०७. पट्टी काढली. बोल्ट घट्ट होता, पण थिंबलखाली (पट्टीच्या टोकाची धातूची कडी) अंडरकोटिंगचा, म्हणजे गंजरोधक लेपाचा, काळा थर. वेणीच्या तारा थिंबलच्या तोंडाशी हिरव्या पडून तुटल्यात, निम्म्याही उरल्या नाहीत. वरून अजिबात कळत नव्हतं.

मीटर_आधी
नवी पट्टी २५ चौरस मिलीमीटरची घ्या, बारीक नको. बॅटरी मागे असल्यामुळे सेल्फचा करंटही इथूनच परततो. दोन्ही जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, बोल्ट आवळून झाल्यावर वरून ग्रीस. आधी ग्रीस नको.

तांबडा_दिवा
झालं. ब्लॉक ते बॉडी आता ०.०४. काल रात्री तासभर चालवली, सगळे लाइट लावून. पी०३३५, पी०१०२ नाहीत. पण चढावर रेस दिली की पेंडिंगमध्ये पी०३०१ आणि पी०३०४ अजून येतात.

कॉइल_नंबर_दोन
तेवढा भाग मी बरोबर सांगितला होता.

मीटर_आधी
हो, तेवढा बरोबर. तरी घेण्याआधी १-४ ची कॉइल आणि २-३ ची कॉइल यांची जागा आपसात बदला, प्लग वायरी ज्या त्या सिलिंडरवरच ठेवा. कोड ३०२, ३०३ झाले तर कॉइल. नाही झाले तर १ आणि ४ चे प्लग काढून पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीसारखी बारीक काळी रेघ (ठिणगी बाहेरून निसटल्याची खूण) आहे का बघा. प्लगच्या खड्ड्यात तेल साचलंय का तेही बघा. या वेळी पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो इथे टाका.